सेपरेटरबाईंचा गृहप्रवेश

सांवेर रोडवरच्या त्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात आज मशीन यायची होती की सून, हे गेटवरच्या वॉचमनलाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. गेटला झेंडूचं तोरण होतं. शटरपुढे रांगोळी. बाजूला कढईत पोहे वाफाळत होते, त्यावर शेव पडत होती, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला कुंकवाचं बोट लागत होतं. विनीताच्या कपाळावर मात्र पिवळं हेल्मेट होतं.

"काढ गं ते टोपलं," आईसाहेब म्हणाल्या.

"नाही आईसाहेब. साइटवर हे काढलं की अपशकुन होतो."

अपशकुन म्हटल्यावर आईसाहेबांना वाद घालायला जागा उरली नाही. त्यांनी हेल्मेटलाच कुंकू लावलं आणि वर दोन अक्षताही टाकल्या.

आईसाहेब म्हणजे भानुमतीबाई. घराण्यात कुणी एके काळी होळकरांच्या दरबारी मोठ्या हुद्द्यावर होतं, आणि तो हुद्दा आईसाहेबांनी अजून सोडलेला नव्हता. कारखान्याच्या बोर्डावर मालक म्हणून मुलाचं, यशवर्धनचं नाव. पण यशवर्धन पन्नाशीला टेकला तरी आईसाहेबांनी नुसतं "यशू" म्हटलं की फोन खिशात टाकून सरळ उभा राहायचा.

आणि आज त्यांच्या घरात जी बाई यायची होती तिचं नाव सेपरेटर. कच्च्या तेलातला चिकट गाळ वेगळा काढणारी मशीन. ताक घुसळून लोणी वर काढावं तसलंच काम, फक्त हिच्या पोटातलं जड भांडं मिनिटाला हजारो गिरक्या घेतं. एवढ्या गिरक्या घेणाऱ्या बाईचे पाय जमिनीवर सपाट टेकलेले हवेत. एक पाय केसभर जरी उचललेला राहिला तरी ती थरथरायला लागते, आणि थरथरता थरथरता एक दिवस बोल्ट तोडून जागची उठते. म्हणून तिला उचलून आणणं, बसवणं आणि सुरू करणं, तिन्ही कामं डोळ्यांत तेल घालून करावी लागतात. ते डोळे आज विनीताचे होते.

साइट इन्चार्ज म्हणून तिचं नाव पहिल्यांदाच लागलं होतं. आधीच्या दोन साइटवर ती नुसती मदतनीस होती, आणि दोन्हीकडे तिनं काम थांबवलं होतं. एकदा दोर विरलेला दिसला म्हणून, एकदा खाली माणसं बसून समोसे खात होती म्हणून. ऑफिसात तिला सगळे लाल बत्ती म्हणायचे. काल संध्याकाळी भूषण सरांनी बोलावून घेतलं होतं.

"हे बघ विनीता, क्लायंट जुना आहे. आता परत मला फोन आला ना, की मॅडमनी काम रोखलं, तर मी नीरजला पाठवतो. तू मग इथेच बस, कोटेशन टाइप करत."

नीरज म्हणजे 'हो जाएगा भिया'. नीरजला कुणी म्हटलं असतं की मशीन उलटी बसवायची आहे, तरी तो म्हणाला असता, हो जाएगा. आणि कोटेशन टाइप करणं म्हणजे काय ते विनीताला माहीत होतं. तन्वी पोटात असतानाचे सगळे महिने तिनं तेच केलं होतं, तेव्हा पायांना सूज आणि डोक्याला गंज, दोन्ही एकदमच चढले होते.

बाहेर नंदूनं हायड्रा क्रेन आणून लावली. नंदू परदेशीपुऱ्यातला, वडील कापड मिलमध्ये होते, आणि क्रेनच्या केबिनमध्ये त्याची बसायची ऐट अशी की राजवाड्यासमोरून वरात चाललीय.

"ताई, पट्टे एकदम टनाटन. चेक करून घेतले न मी," तो वरून ओरडला. "बस जल्दी करू या. इथून मला दुसऱ्या पार्टीकडे जायचंय, त्यांचा फोन सकाळपासून कान खाऊन राहिलाय."

विनीतानं मशीन उचलायचे पट्टे स्वतः हातानं चाचपले, त्यांवरचे वजनाचे आकडे पाहिले, शटरपासून फाउंडेशनपर्यंत दोन्ही बाजूंनी पिवळी-काळी पट्टी बांधून घेतली. मग वळून पाहिलं. पट्टीच्या आत, शटरच्या बरोब्बर मधोमध, पाट मांडलेला होता. पाटाशेजारी आईसाहेब, हातात निरांजनाचं ताट. त्यांच्या मागे सून वसुधावहिनी, भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. त्यांच्या मागे चार नात्यातल्या बायका, जरीच्या पदरांत.

"आईसाहेब, इथून मशीन येणार आहे."

"म्हणून तर इथे उभी आहे. उंबऱ्यात आली की ओवाळीन, तुकडा उतरवीन, मग आत."

"पण ती तेव्हा हवेत लटकत असेल. तुमच्या डोक्यावर."

"डोक्यावर कशी? कपाळ हाताला येईल इतकीच वर ठेव म्हणावं त्याला. आमची पहिली घाणी आली तेव्हा साखळीला टांगलेलीच ओवाळली होती मी. हे होते तेव्हा. काय झालं? काही झालं नाही."

काही झालं नाही, हे वाक्य विनीतानं नोकरीत इतक्यांदा ऐकलं होतं की तिला त्याची भीतीच बसली होती. तिनं यशवर्धनकडे पाहिलं. यशवर्धननं आपल्या चपलांकडे पाहिलं.

"सर, तुम्ही सांगा ना."

"मॅडम, दो मिनट का तो काम है," तो हळूच म्हणाला. "करू द्या ना. नाहीतर मी भूषणजींना फोन लावून विचारतो, त्यांना काय ऑब्जेक्शन..."

खिशातून फोन अर्धा बाहेर आलेला विनीताला दिसला. त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला कोटेशनचं टेबल होतं. 'नाही' म्हणायची सोय नव्हती आणि 'हो' म्हणायची तर मुळीच नव्हती.

अशा पेचात तिला आठवली ती तन्वी. अडीच वर्षांच्या तन्वीला "गॅसपाशी जाऊ नकोस" म्हटलं की ती गॅसपाशीच जायची, आणि वाटेत मागे वळून हसायची. ओरडून झालं, समजावून झालं. शेवटी विनीतानं ओट्यापुढे खडूनं रेघ ओढली आणि तन्वीलाच तिथली पोलीस केलं. तेव्हापासून ती बया बाबालाही चहा करायला आत सोडत नव्हती.

विनीता शटरमध्ये गेली. आईसाहेबांच्या पुढ्यात उभी राहिली आणि दोन्ही हात दोन्ही बाजूंना पसरले.

"दार अडवलंय!"

"काय अडवलंय?"

"दार. नवी सून घरात यायच्या वेळी नणंद दार अडवते की नाही? शब्द घेतल्याशिवाय आत सोडत नाही. मी नणंद. अडवलंय."

मागच्या जरीच्या पदरांत खसखस पिकली. नंदूनं केबिनमधून भोंगा वाजवला. आईसाहेबांच्या भुवया मात्र वर गेल्या, कारण रीतिरिवाजांत त्यांना कुणी शिकवलेलं खपत नसे.

"तू नणंद? मशीन तुझ्या कंपनीची. म्हणजे तू माहेरची. मुलीकडची बाई दार अडवते असं कुठल्या गावात पाहिलंस?"

झालं! एवढं काही विनीताच्या लक्षात आलं नव्हतं. ती हात पसरून तशीच उभी राहिली, आणि पसरलेल्या हातांना मुंग्या यायच्या आत डोकं चालवणं भाग होतं. तिनं मागे वळून पाहिलं. आत, शेडच्या मधोमध, तिनंच उभं राहून ओतून घेतलेलं काँक्रीटचं फाउंडेशन होतं. चारी कोपऱ्यांत बोल्ट वर काढून ते मोठ्या अदबीनं वाट पाहत होतं.

"सून येतेय खरी, पण नवरदेव कोण?" विनीता म्हणाली. "तो बघा आत बसलाय, बाशिंग बांधून. त्याला कुणी ओतला? मी. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी कुणी घातलं? मी. आजारी पडू नये म्हणून ओली पोती कुणी पांघरली? आता सांगा, एवढं सख्खी बहीण तरी करते का?"

वसुधावहिनी इतक्या जोरात हसल्या की तांब्यातलं पाणी हिंदकळलं. आईसाहेबांनी फाउंडेशनकडे पाहिलं, विनीताकडे पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटले. हसू आतल्या आत दाबायची ती त्यांची जुनी दरबारी पद्धत.

"बरं. काय मागतेस?"

"एकच शब्द. नवी नवरी हवेत आहे तोपर्यंत या पिवळ्या रेघेच्या आत कुणी येणार नाही. पाऊल नाही, हात नाही, बोटसुद्धा नाही. ओवाळायचं ते आत्ता बाहेर ओवाळा. ती जमिनीवर उभी आहे, अजून हुक ढिला आहे. हवा तेवढा वेळ घ्या, कुंकू लावा, कानशिलावर बोटं मोडा."

"आणि नाही दिला शब्द तर?"

"तर नणंद उपाशी दारात उभी राहील. सगळ्या बायकांसमोर."

नणंदेला रिकाम्या हातानं परत पाठवायचं, आणि तेही चार नातेवाइकांदेखत, हे त्या घराण्यात झालेलं नव्हतं.

"दिला," आईसाहेब म्हणाल्या. "मराठ्याच्या घरचा शब्द आहे. यशू, पाट उचल."

मग बाहेर अंगणात, लाकडी ओंडक्यांवर उभ्या असलेल्या त्या पाच-सहा टनी नवरीचं साग्रसंगीत औक्षण झालं. कुंकू लागलं, तुकडा उतरला, आणि एका आत्याबाईंनी खरंच बोटं मोडली. या सगळ्या गडबडीत विनीता हुक, पट्टे आणि दोन बाजूंनी दोऱ्या धरणारी माणसं बघत राहिली. शटरच्या आत त्या वेळी कोण गेलं आणि कोण आलं, हे तिनं पाहिलं नाही.

शिट्टी वाजली. नंदूनं हायड्राचा हुक असा उचलला की पाळण्यातलं मूल जागं होऊ नये. मशीन गुडघाभर वर आली, थांबली, झुलली, शांत झाली. विनीता उलटी चालत हातानं खुणा करत होती, दोरीवाले दोन्ही बाजूंनी सावकाश येत होते, आणि पिवळ्या पट्टीबाहेर आईसाहेब कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. एका पाहुण्यानं फोटो काढायला पाय आत टाकला तर त्यांनी त्याला नुसतं नावानं हाक मारली. पाय जसा आला तसा गेला.

चारी भोकांत चारी बोल्ट शिरले. मशीन टेकली. टाळ्या झाल्या.

"एवढं सगळं केलं," आईसाहेब म्हणाल्या, जराशा हिरमुसून, "आणि झालं तर काहीच नाही."

"तेच तर पाहिजे होतं," विनीता म्हणाली आणि लेव्हल काढून मशीनच्या पाठीवर ठेवली.

काचेतला बुडबुडा मधे येईना. एका बाजूला जाऊन रुसल्यासारखा बसला. विनीतानं लेव्हल फिरवून ठेवली. बुडबुडा दुसऱ्या बाजूनं रुसला. फाउंडेशन तिनं कालच तपासलं होतं, आरशासारखं होतं. ती पालथी झोपली आणि टॉर्च मारला. तीन पाय व्यवस्थित टेकलेले. चौथ्याच्या खाली हिरवी कड दिसत होती. नागवेलीच्या पानाची.

ती उठली. आधी आईसाहेबांकडे पाहिलं. त्या थेट तिच्याकडेच बघत होत्या, अगदी निष्पाप. मग वसुधावहिनींकडे पाहिलं. त्यांना छताचा पंखा अचानक फार आवडू लागला होता.

"विडा ठेवलाय खाली?"

"विडा नाही," आईसाहेब म्हणाल्या. "पान, सुपारी आणि चिमूटभर हळदीचे तांदूळ. नवरीनं माप ओलांडायला नको? तुझ्या मशीनला लाथ कशी मारता येणार, म्हणून पायाखाली दिलं. आणि शब्द मोडला म्हणशील तर तो मोडलेला नाही. ती हवेत जायच्या आधीच वसुधा ठेवून आली."

"मला सांगितलं ते मी केलं," वसुधावहिनी पंख्याला म्हणाल्या.

विनीताला हसू आलं आणि रडूही. आता पुन्हा उचला म्हणायचं. म्हणजे काम रोखायचं. तिकडे नंदूचा फोन ठणाणा करत होता.

"अरे मॅडम, बाकीच्या पायांखाली पत्रा टाका ना पातळ," यशवर्धन म्हणाला. "लेव्हल होऊन जाईल. क्या फरक पड़ता है?"

"सर, तांदूळ आणि सुपारी आहे. आज दाबली जाईल, उद्या भुगा होईल. मग हा पाय खालून पोकळ. आणि आतलं भांडं फुल स्पीडला. तुमची माणसं इथेच उभी असणार, शेजारी."

यशवर्धनला ते कळलं, कारण तो काही वाईट माणूस नव्हता, फक्त घाईत होता. पण घाईतल्या चांगल्या माणसाला जे सुचतं तेच त्याला सुचलं. पिवळी पट्टी ओलांडून तो चौथ्या पायाशी उकिडवा बसला आणि बाही वर केली.

"नंदू, दोन बोटं उचल फक्त. मी हात घालून झट से ओढून घेतो. एक सेकंद."

"सर, नाही!" विनीता ओरडली. नंदूनं दोन्ही हात लिव्हरवरून काढून हवेत धरले, पोलीस दिसल्यावर धरतात तसे. पण यशवर्धन उठेना. "अरे उचल ना भिया," तो म्हणतच होता, आणि तेवढ्यात त्याच्या मागून कुणीतरी त्याच्या शर्टाची कॉलर धरली.

"यशू! ऊठ."

"आई, एक सेकंद..."

"पाऊल नाही, हात नाही, बोटसुद्धा नाही. बहिरा आहेस? मी शब्द दिलाय. आणि तू माझा मुलगा असून माझा शब्द तिच्या पायाखाली घालतोस? बाहेर हो."

ऐंशीकडे झुकलेल्या आईनं पन्नाशीच्या मुलाला कॉलर धरून पट्टीबाहेर काढलं. दोरीवाले दोघे तोंड फिरवून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते.

बाहेर आल्यावर यशवर्धननं कॉलर सारखी केली आणि उरलेली लाज झाकायला फोन लावला. पलीकडचा आवाज विनीताला ओळखता आला.

"भूषणजी? हां, वो मशीन बसली होती, पण मॅडमनी परत..."

फोन त्याच्या हातात फार वेळ राहिला नाही.

"मी भानुमती बोलते. हो, हो, नमस्कार. तुमच्या पोरीनं काही थांबवलेलं नाही. सुपारी माझी होती."

पलीकडून भूषण सरांचा आवाज, जरासा घाबरलेला: "सुपारी? कुणाची?"

"अहो, मांगलिक सुपारी! मशीनखाली मी ठेवली. ती काढायला मशीन पुन्हा उचलायची आहे, आणि रीतसर उचलायची आहे. आमचे चिरंजीव हात घालत होते खाली. तुमच्याकडे दुसरा कुणी आहे ना, मागे एकदा इथे आला होता तो, काय ते नाव, नीरज? तो असता तर काय म्हणाला असता?"

भूषण सरांनी काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही. आईसाहेबांनी नुसतं "हं" म्हटलं, आणि फोन विनीताकडे दिला.

"विनीता," सर थकल्या आवाजात म्हणाले, "उचल बाई. आणि आता पायांखालचं सिमेंटचं ग्राउट सुकेपर्यंत तूच राहा त्या साइटवर. मला त्या बाईंचा फोन परत नको."

ते रागावून म्हणाले. विनीतानंही शिक्षा ऐकल्यासारखा चेहरा केला. फोन बंद केल्यावर मात्र तिला हेल्मेट जरा खाली ओढावं लागलं, हसू दिसू नये म्हणून.

नंदूच्या फोनवर दुसरी पार्टी आता जवळजवळ रडत होती. "भिया, मैं शादी में फंसा हूँ," नंदू त्यांना समजावत होता. "नहीं, मेरी नहीं. दुल्हन बैठ गई थी, वापस उठा रहे हैं." मग त्यानं फोन बंद करून खिशात टाकला. "बोला ताई. आरामात."

मशीन पुन्हा वर गेली. पूर्ण बाजूला घेऊन ओंडक्यांवर टेकवली, हुक ढिला झाला, आणि मगच विनीतानं वसुधावहिनींना आत येऊ दिलं. ज्यांनी ठेवलं त्यांनीच उचललं. पान चुरगळलं होतं, तांदळाचं पीठ झालं होतं, सुपारीचे चार तुकडे झाले होते. आईसाहेबांनी ते सगळं पदरात घेतलं, आणि शेवटी माप ओलांडलंच म्हणायचं, असा निकाल दिला. कुणी हरकत घेतली नाही. फाउंडेशन ब्रशनं झाडलं, पुसलं, हवेच्या नळीनं फुंकरलं. मशीन परत आली, टेकली, आणि या खेपेला बुडबुडा शहाण्या मुलासारखा मधोमध जाऊन बसला.

"वा!" यशवर्धनमध्ये पुन्हा जीव आला. "चला, आता मुहूर्त आहे तोवर बटन दाबून घेऊ. एकदा फिरवून बघू फक्त."

विनीतानं डोळे मिटले. बोल्ट आवळायचे होते. पायांखाली ग्राउट भरायचं होतं, ते सुकायला हवं होतं. भांडं अजून पेटीतच होतं. मेन स्विचला तिनं सकाळीच स्वतःचं कुलूप घातलं होतं आणि किल्ली तिच्या गळ्यात होती. पण एका दिवसात तिसऱ्यांदा 'नाही' म्हणायचं बळ ती कुठून आणणार होती? तिनं तोंड उघडलंच होतं.

"यशू," आईसाहेब म्हणाल्या. "नवी सून आल्या दिवशी कुणी कामाला लावतं का?"

"पण आई, मुहूर्त..."

"मुहूर्त प्रवेशाचा होता. प्रवेश झाला. आता चार दिवस तिला बसू दे, घर पाहू दे, अंग टेकू दे. काम काय, जन्मभर आहेच तिला." मग विनीताकडे वळून, हळूच: "किती दिवस म्हणालीस ते सुकायला?"

"तुम्ही म्हणाल तितके दिवस, आईसाहेब. फक्त माझ्या आकड्यापेक्षा कमी नको."

वसुधावहिनी रिकामा तांब्या घेऊन पोह्यांच्या कढईकडे निघाल्या होत्या. त्या थांबल्या.

"मशीनला चार दिवस बसू दे," त्या कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या. "मी आले त्याच संध्याकाळी चाळीस माणसांच्या पुऱ्या तळल्या होत्या. तेव्हा मला कुणी नाही म्हटलं अंग टेकू दे."

यशवर्धन पुन्हा चपला बघू लागला. आईसाहेबांनी पदरातल्या सुपारीचा एक तुकडा उचलला, फुंकर मारून तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"तेव्हा दार अडवायला असली नणंद नव्हती ना घरात," त्या म्हणाल्या. मग वसुधावहिनींच्या हातातला तांब्या काढून घेतला. "जा, तू बस तिथे खुर्चीत. पोहे मी वाढते."

वसुधावहिनी बसल्या. आधी कडेवर, मग पाठ टेकून. विनीतानं पाना उचलला आणि पहिला बोल्ट आवळायला घेतला, पण तिचं निम्मं लक्ष खुर्चीकडेच होतं. आईसाहेब पोह्यांची बशी घेऊन येत होत्या, आणि वसुधावहिनी मान वर न करता म्हणत होत्या,

"शेव जरा जास्त घाला."